मी जिंकलेला वाद

फिनेलचा वास आला की परळच्या इस्पितळातली ती दुपार आठवते. मोर्चावरच्या गोळीबारात माझ्या मित्राचा उजवा हात मनगटापासून गेला होता. लालबागच्या व्यायामशाळेत आम्ही दोघं बॉक्सिंग शिकायचो आणि रोज भांडायचो, की हेवीवेटमध्ये सर्वांत थोर कोण. मी म्हणायचो, एकदाही न हरता निवृत्त झाला तो. मित्र म्हणायचा, वय झाल्यावर मार खाऊनही पुन्हा रिंगमध्ये उतरला तो. त्याला बोलतं करायला म्हणून मी तोच वाद उकरून काढला. बँडेजकडे बघत तो म्हणाला, “तुझंच बरोबर रे. वेळेवर सुटला तोच मोठा.” मी घाबरलो आणि त्याच्याच जुन्या बाजूने तावातावाने भांडू लागलो. त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं. आजही कुणी ‘सर्वांत थोर कोण’ असं विचारलं, तर मी त्याच्याच चॅम्पियनचं नाव घेतो; पण ज्याला पटवायचं होतं, त्याने तो विषय पुन्हा कधी काढू दिला नाही.