कुलूप न तोडणारे सर

दुसऱ्याचं काम मधेच मोडायचं नाही, या एका हट्टापायी स्वतःचं सगळं नुकसान करून घेणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला: आमगावच्या आमच्या शाळेतले संगणकाचे सर. लग्नाच्या पंगतीत शेवटचा म्हातारा हात धुऊन उठेपर्यंत हे ताटकळत उभे. एकदा गोंदियाहून एसटीनं येताना सीटवर कुणाचा तरी रुमाल टाकलेला होता. रुमालाचा धनी चढलाच नाही, पण सर आमगावपर्यंत त्या रिकाम्या सीटशेजारी उभेच. मी म्हटलं, "बसा ना." तर म्हणाले, "काऊन? रुमाल आहे म्हंजे माणूस आहे."

संगणकातही हेच. आमच्याकडे एक मुख्य मशीन आणि तिला जोडलेले दहा पडदे, सगळं फुकटातल्या लिनक्सवर. नवा प्रोग्राम टाकताना ही मशीन एक कुलूप-फाइल करून ठेवते, दोघांनी एकदम हात घालू नये म्हणून. बाकीचे लोक ती फाइल पुसून मोकळे होतात. सर आधी यादी काढून आत कोण काम करतंय ते बघत, आणि कोणी असलं की खुर्ची मागे सारून वाट पाहत. मी गणिताचा मास्तर, सगळं त्यांच्याकडूनच शिकलो, आणि त्यांना सगळ्यात जास्त हसलोही मीच.

मग तपासणी आली. मराठी टायपिंग चालू दिसलं तर संगणकाची खोली राहणार, नाहीतर तिथे खिचडीच्या तांदळाची पोती. सरांनी टायपिंगचा प्रोग्राम टाकायला घेतला आणि कुलूप आडवं आलं. तपासणीचे साहेब घड्याळ पाहू लागले.

"तोडून टाका ना ते," हेडमास्तर म्हणाले, "कायले वाट पाहून राहिले?"

"आत कोणी काम करून राहिला, सर. मधातच तोडलं तर त्याचं बिघडन."

"कोण?"

सरांनी खुर्ची मागे सारली. अर्ध्या तासानं साहेब शेरा लिहून निघून गेले.

आत मी होतो. सकाळी एक प्रोग्राम टाकायला लावला, मशीननं 'हो की नाही' विचारलं, आणि मी उत्तर न देता पोस्टात निघून गेलो. तोडलं असतं तरी काही बिघडलं नसतं, पण सरांना यादीत फक्त माझं नाव दिसत होतं, काम नुसतं उत्तरासाठी अडलंय हे नाही. परतलो तेव्हा सर एकटेच बसले होते. चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी उठून मला खुर्ची दिली.

"करून घ्या तुमचं. मंग मी टाकतो."

पोती दोन दिवसांनी आली. सरांनी माझं नाव कधीच कुणाला सांगितलं नाही. मीही सांगितलं नाही, आणि त्याची लाज मला अजून वाटते.