मी कबड्डी खेळायला गेले

गेल्या महिन्यात परभणीला आम्हा शिक्षकांचं प्रशिक्षण झालं. विषय होता, मुलगे अभ्यासात मागे का पडतात. साहेब फळ्यावर कारणं लिहीत होते : मोबाइल, मोटारसायकल, वाईट संगत. मी मान खाली घालून बसले होते. एक कारण मी स्वतःच होते, आणि ते उठून सांगायचं कसं?

दहावीला मी आणि भाऊ ताडकळसला एकाच वर्गात होतो. तो वर्षानं मोठा, नववीत एक मुक्काम जास्त करून आलेला. शाळा सुटली की मी थेट घरी यायचं असा आईचा हुकूम होता. त्याचं मात्र, पोरगं हाय, हिंडणारच. कोंडून ठेवल्यावर मी करणार काय, अभ्यास केला. वर त्याच्याही वह्या लिहिल्या. त्यात पुण्यकर्म काही नव्हतं. एकटी पोरगी एसटीनं परभणीला जाणार न्हाई, असं आईनं बजावलं होतं. तो पास झाला तर सोबत, सोबत असेल तर माझं कॉलेज.

एकदा तव्यावर भाकरी टाकून मी त्याचा 'माझा आवडता खेळ' हा निबंध उरकला. सरांनी तो वर्गात वाचला : "मी कबड्डी खेळायला गेले. मला पाहून सगळे घाबरले." मग त्यांनी भावाकडे पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "कधी गेलीस गं?"

वर्ग लोळायचाच बाकी राहिला. मीही हसले, सगळ्यांत जास्त. पण पुढं त्यानं वही हातात धरली की पोरं "कधी गेलीस गं?" विचारायची. अभ्यास म्हणजे बायकी काम, हे त्याचं तिथंच ठरलं. त्यानं वही धरणंच सोडलं.

मी पास झाले, तो मराठीत गेला. मी गोठ्यामागं जाऊन रडले, त्याच्यासाठी नव्हे, स्वतःसाठी. आई हटायला तयार नव्हती. तो जेवता जेवता म्हणाला, "नापास मी झालोय, ती न्हाई. सोबत करायला पास व्हावं लागतंय का?"

दोन वर्षं तो रोज माझ्याबरोबर एसटीनं आला. मी वर्गात, तो फाटकाबाहेर चहाच्या टपरीवर. मला ताप आला तरी हा सवयीनं निघायचा. हजेरी त्याचीच जास्त भरली असती.

प्रशिक्षणात साहेबांनी माझं मत विचारलं. मी म्हणाले, मुलग्यांच्या वह्या त्यांनाच लिहू द्या. सगळे हसले. फळ्यावर ते काही आलं नाही.

बाहेर भाऊ गाडी लावून उभा होता, मला न्यायला आलेला. आज काय शिकवलं म्हणून त्यानं विचारलं. मी विषय सांगितला. तो गाडीला किक मारत म्हणाला, "मग मला आत बोलवायचं की."

फाटकाच्या आत त्याला बोलवावं, हे मला इतक्या वर्षांत एकदाही सुचलं नव्हतं.