नवरीच्या आईचा चेहरा

आमच्या ह्यांचा कॅमेरा एका हातात मावतो. लग्नाच्या हॉलवर पोचलो की कुणीतरी विचारणारच, "मोठा कॅमेरा गाडीत राहिला का?" माझं डोकंच फिरतं. कॅम्प पाचमधल्या घरून दिवे, स्टँड, वायरी वाहून आणायच्या मी, आणि वर हे ऐकायचं! हे मात्र शांतपणे म्हणतात, "येतोय मागून." तो मागून येणारा कॅमेरा मी अजून बघितलेला नाही. घरी मी ह्यांच्याशी कशावरूनही भांडते, पण कामावरून एकदाही भांडलेले नाही.

बेलवलीला एक बौद्ध पद्धतीचं लग्न होतं. मागचा पडदा पांढरा, फुलं पांढरी, नवरा-नवरी पांढऱ्यात, घरच्या बायकांच्या साड्याही पांढऱ्या. आम्ही सामान उतरवतोय तोच नवरी स्वतः आली. "दादा, माझ्या आईला व्हिडिओत घ्याच. ती स्टेजवर यायला तयारच नाहीये."

आई सगळ्यात मागच्या खुर्चीवर बसली होती. मी शेजारी जाऊन बसले. "मावशी, चला की."

"मोठीच्या लग्नाचा व्हिडिओ तू बघितला नाहीस," ती म्हणाली. "पांढऱ्या साडीवर माझं तोंड म्हणजे नुसता काळा डाग. नाक नाही, डोळे नाहीत. टीव्हीवर लावला तेव्हा पाहुणे हसले. आता परत नाही, बाई."

मीही काळीच आहे, मला कुणी सांगायला नको.

ह्यांना सांगितलं, तर म्हणाले, "तेव्हा कॅमेरा ऑटोवर ठेवला असणार." एवढं पांढरं दिसलं की कॅमेऱ्याला वाटतं उजेड फार झाला. तो आपणहून उजेड कमी करतो आणि सावळी माणसं अंधारात जातात. "जा, स्टेजवर उभी राहा."

राहिले. ह्यांनी ऑटो बंद केलं. आधी माझ्या हातात पांढरा कागद देऊन कॅमेऱ्याला खरा पांढरा रंग कोणता ते दाखवलं. मग दिवा जरा बाजूला घेतला आणि भिंगाची रिंग हळूहळू फिरवत राहिले, नजर फक्त माझ्या चेहऱ्यावर. मी म्हटलं, "अहो, मागचा पडदा भगभगेल ना!"

"भगभगू दे थोडा. पडद्याचं लग्न नाहीये."

मग रेकॉर्ड केलेलं मला दाखवलं. अय्या, मी! हनुवटीवरचा तीळ, कपाळावरचा घाम, आणि रंग माझा स्वतःचा. गोरं करून देणारे गल्लोगल्ली आहेत. आहे तसं दाखवणारा माणूस माझ्या वाट्याला आला, ह्याचा मला त्या दिवशी फार अभिमान वाटला.

मी कॅमेरा उचलला आणि थेट मागच्या खुर्चीकडे नेला. "मावशी, ही बघा मी. आता तुमचा हात माझ्या हाताशेजारी ठेवा. आहे का काही फरक?"

तिने हात ठेवला. स्क्रीनवर बघितलं, माझ्याकडे बघितलं, परत स्क्रीनवर बघितलं. मग उठली आणि साडी सारखी केली.

वंदना झाली, हार घातले गेले, आणि पूर्ण वेळ ती लेकीच्या शेजारी उभी होती. सगळं आटोपल्यावर ती आपणहून ह्यांच्याकडे आली. "दाखवा." हात जोडलेली ती आणि तिची लेक, दोघींचे चेहरे स्वच्छ. हसताना तिच्या गालाला खळी पडते, हे मला तेव्हा कळलं.

"दादा," तिने हळूच विचारलं, "मोठीचा व्हिडिओही असा नीट करून मिळेल?"

ह्यांना खोटं बोलता येत नाही. "नाही हो मावशी. तेव्हा जे कॅमेऱ्यात आलंच नाही, ते आता कुठून आणू?"

मला वाटलं, आता हिचा बांध फुटणार. तिने डोळे पुसले, पदर कमरेला खोचला आणि परत लेकीच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

"मग ह्यात मला जास्त घ्या," म्हणाली.