मगरीच्या कपाळावरचं कुंकू

अंधेरीच्या आमच्या कॉलेजात एक जुनं म्युझियम आहे. इंग्रजांच्या काळात रेल्वेतल्या एका साहेबाने पक्षी, साप, मगर, दिसेल ते मारून, पेंढा भरून ठेवलं, तोच सगळा पसारा. मी तिथली प्रमुख आणि सुगंधा तावडे झाडपूस करणारी. मानखुर्दहून येते, मालवणीत बोलते आणि माझं काडीचं ऐकत नाही.

खंडेनवमीला मी आत शिरले आणि किंचाळलेच. झाडू, बादली, भिंग, व्हॅक्यूम क्लीनर, सगळ्यांना हळदकुंकू आणि झेंडूचं फूल. इथवर ठीक. पण सव्वाशे वर्षांच्या मगरीच्या कपाळावरही तेलात कालवलेलं कुंकू!

"सुगंधा, वाट लावलीस गं! तिला हातमोज्यांशिवाय शिवायचंसुद्धा नाही. कातड्याला सोमल चोळलाय, विष असतं ते!"

"बाई, वर्षभर तिका पुसतंय. सणाच्या दिवशी तशीच ठेवू?"

प्राचार्यांनी फर्मान काढलं: डाग निघाला नाही तर सुगंधाची रवानगी कॅन्टीनला. त्यानंतर ती मान खाली घालून नुसती लादी पुसत राहिली. मला तिचा रागही येत होता आणि तिच्याकडे बघवतही नव्हतं.

दसरा झाल्यावर गंधाली आली. जुन्या वस्तूंची डागडुजी करणारी पोरगी, एकदम फटकळ. प्राचार्य शेजारी उभे. कापसाच्या बोळ्यांनी तिने हळूहळू पुसलं. कुंकू गेलं, तांबूस डाग राहिला. सुगंधा गुपचूप आपला डबा पिशवीत भरायला लागली.

एवढ्यात गंधाली मगरीच्या तोंडाशी वाकली आणि खो खो हसत सुटली.

"अहो सर, डोळे बघा हिचे! मगरीची बाहुली उभी असते, फटीसारखी. साहेबाने वाघाचे गोल डोळे बसवलेत! त्याचं नाव पितळी पाटीवर, आणि या बाईने कुंकू लावलं तर हिला हाकलताय?"

प्राचार्यांनाही हसू आवरेना. "राहू दे सुगंधाला इथेच," म्हणाले.

आमच्या धंद्याची रीत आहे, वस्तूला कुणी काय केलं ते लिहून ठेवायचं. मी नवी चिठ्ठी लावली: 'कपाळावरचा डाग कुंकवाचा. लावणारी: सुगंधा तावडे.' ही मगर कुणीतरी खाडीतून ओढून आणली असेल, कुणीतरी सोलली असेल. त्यांची नावं कुठ्ठे नाहीत.

सुगंधा चिठ्ठीसमोरून हलेना. "बाई, माझा नाव हयच रवतला?"

"मगर आहे तोवर."

ती ढसाढसा रडली. मीही रडले, लपवू कशाला? दुसऱ्या दिवशी ती अर्धं मानखुर्द घेऊन आली. साहेबाच्या पाटीकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही.