बाराव्याचं घड्याळ

ते घड्याळ आमच्या चिंचणीच्या घरात आलं ते बाराव्याच्या जेवणानंतर, बाबांच्या मनगटावरून. बाबांचा दोस्त वारला होता. तरुणपणी दोघं एकाच होडीवर जायचे. पुढे दोस्त डहाणूला एका चिकूवाडीच्या शेठकडे ड्रायव्हर झाला, बाबा समुद्रावरच राहिले. आमच्याकडे बाराव्याला गेलेल्याच्या वयाच्या माणसाला पाटावर बसवतात. गेलेल्याचे कपडे त्याला घालायचे, मुलाने हात धरून “बाबा, बसा” म्हणायचं आणि पोटभर जेवू घालायचं. बाबांना बसवलं. शर्ट-पँट, छत्री, चपला मिळाल्या, आणि दोस्ताच्या बायकोने, जिला मी मावशी म्हणते, स्वतःच्या हाताने घड्याळ बांधलं.

शेठने परदेशी जाताना मनगटावरून काढून दोस्ताला दिलेलं ते घड्याळ. चौकोन कुणी एका कोपऱ्याला धरून ओढावा तसं तिरकं. आकडा एकही नाही, चावी भलत्याच ठिकाणी. बाबा रोज सकाळी चहाआधी चावी द्यायचे, आणि वेळ बघताना मान वाकडी करायचे.

मला त्याची लाज वाटायची. मेलेल्याचं मिळालेलं काय मिरवायचं! मी तलासरीला शाळेत शिकवते. एकदा बाबा तोच शर्ट, तेच घड्याळ घालून शाळेत आले, तर आमच्या एका बाईंनी हसत विचारलं, “काका, घड्याळ पडलं होतं का?” बाबा म्हणाले, “नाय, दोस्ताचं आहे.” मी उगाच फळा पुसत बसले.

२०१७ साली, दोस्ताला जाऊन वर्ष भरत आलं तेव्हा, त्याचा मुलगा आमच्याकडे आला. तारापूरला नोकरी, कडक इस्त्रीचा शर्ट, हातात नव्या घड्याळाचा डबा. त्याच्या आधीच बातमी येऊन पोचली होती. शेठचा पुतण्या डहाणूला येऊन गेला आणि म्हणाला की असली घड्याळं जगात मोजकीच आहेत, विकलं तर डहाणूजवळ कैनाडला जमीन घेता येईल. मुलाने तो विषयच काढला नाही.

“काका, बाबांची आठवण म्हणून हवं होतं,” तो म्हणाला. “बदल्यात हे नवीन आणलंय.”

माझं डोकं फिरलं. आठवण बरी वर्षभराने झाली, असं तोंडावर आलं होतं. पण बाबांनी डोळ्यांनीच मला गप्प केलं.

“ने की. तुझंच आहे,” ते म्हणाले, आणि मला आतून शर्ट-पँट, छत्री, चपला आणायला सांगितल्या. मी सगळ्याचं गाठोडं बांधून आणलं. बाबा ओट्यावर मांडी घालून बसले होते.

“एकटं घड्याळ कसं नेशील? तू मला बाप म्हणून बसवलंस. आता हात धर आणि म्हण, बाबा, उठा.”

“काका, असं काय बोलता...”

“म्हण रे.”

मला वाटलं, आता हा पाया पडेल, घड्याळ न घेताच निघून जाईल. त्याने जमिनीकडे बघत बाबांचा हात धरला आणि म्हणाला, “बाबा, उठा.” बाबा उठले, पट्टा सोडला, घड्याळ त्याच्या हातावर ठेवलं. तो घाईने गेला. डबा ओट्यावर राहिला, गाठोडंही.

लाज त्याला वाटायला हवी होती, ती माझ्या अंगावर आली. वर्षभर बाबा रोज सकाळी काय जपत होते ते मला आता दिसलं, आणि मी त्या घड्याळाला नावं ठेवत होते.

डबा परत कर, असं बाबांनी सांगितलं म्हणून दुसऱ्या दिवशी मी मावशीच्या घरी गेले. मुलगा कामावर होता. मावशी अंगणात बोंबील वाळत घालत होती.

“बरी आलीस गं,” ती म्हणाली. “सोमवारी वर्षाचं जेवण. बाबांना सांग, तेच कपडे घालून या. घड्याळ पण. त्या कपड्यांत ते दारात आले ना, की मला बरं वाटतं.”

तिला काहीच माहीत नव्हतं. मी खाली मान घालून “सांगते” म्हणाले, डबा ओट्यावर ठेवला आणि निघाले.

बाबांना निरोप सांगितला. गाठोडं त्यांनी अजून घरात घेतलं नव्हतं.

“जेवायला जाईन गं,” ते म्हणाले. “पण कोण म्हणून बसू?”