पाचव्या चतुर्थीची तर्री

देवदत्तचं सगळंच प्रणालीच्या डोक्यात जायचं. रिछाईतल्या कारखान्याच्या फाटकासमोर तिची तर्री-पोह्यांची गाडी चांगली दोन वर्षं एकटी उभी होती. मग हा बाबा निळी गाडी घेऊन आला आणि बरोबर तिच्यासमोर आलूबोंडे तळायला लागला. मराठ्यांच्या नोकरीत कधीकाळी इकडे हिंदी मुलखात आलेलं त्याचं घराणं, पण मराठी सगळी हिंदीत भिजलेली. धड भांडताही यायचं नाही मेल्याला! हिनं आवाज चढवला की म्हणणार, "चाय पिणार काय, प्रणालीजी?"

पाच महिन्यांपूर्वी कुणकुण लागली की फाटकासमोर एकच गाडी राहणार. मॅनेजर दोघांचं खाऊन ठरवणार. वडील भाऊराव गेल्यापासून मायलेकींचं घर या गाडीवरच चालत होतं. प्रणालीनं बाप्पाला साकडं घातलं, पाच निर्जळी संकष्ट्या करीन, पण ती निळी गाडी समोरून हलव.

मॅनेजरचा फोन आला, "मंगलवार को आऊँगा." "हो जी, हो जी," म्हणून तिनं फोन ठेवला आणि मग कॅलेंडर पाहिलं. मंगळवारी पाचवी चतुर्थी, तीही अंगारकी! आता जिभेला थेंब लावायची सोय नव्हती. आई बेबीताईचाही उपास. नवस बोलायची अक्कल होती, तारीख बघायची नव्हती, असं स्वतःलाच बोलत तिनं मंगळवारी चण्याच्या तर्रीचं पातेलं चढवलं.

लालभडक तवंग आला, वास सुटला. मॅनेजर यायला अर्धा तास होता. कामगार सगळे आत. तेवढ्यात देवदत्त हातात चमचा घेऊन आलाच, न विचारता तर्रीत बुडवला आणि तोंडात घातला. त्याचे डोळे मोठे झाले.

"मीठ जादा झालं, प्रणालीजी. बहुतच."

"खोटं बोलून राहिले तुम्ही! मी पाणी ओतावं, तर्री पांचट व्हावी, हेच पाहिजे ना तुम्हाला?"

"कसम से."

तिनं तणतणत घरी फोन लावला. "आई, चणे उकडताना मीठ घातलं होतं काय?"

"घातलं ना. तुला आज चाखता येत नाही, म्हणून मीच घालून दिलं. काहून?"

प्रणालीनं फोन ठेवला. मीठ तिनंही घातलं होतं, मूठभर. रडू येत होतं आणि त्याच्यासमोर रडायचं तर मुळीच नव्हतं. ती पातेल्याकडे बघत उभी असतानाच देवदत्त आपल्या गाडीकडून टोपलं घेऊन आला. बोंड्यांसाठी उकडलेले, अजून मीठ न लागलेले आलू. त्यानं भराभर कुस्करून ते सगळे तिच्या तर्रीत लोटले, वर तांब्याभर गरम पाणी.

"अहो! तर्रीत आलू? डोकं फिरलं काय तुमचं?"

"दहा मिनट उकळू द्या," तो म्हणाला. मग पुन्हा चाखून त्यानं मान डोलावली.

मॅनेजर आला, पोह्यांवर ती तर्री घेऊन खाल्ली, दुसरी प्लेट मागितली. मग निळ्या गाडीकडे वळून विचारलं, "और आप?"

"आलू खतम हो गए, सर. सिर्फ चटनी है."

"तो जगह दीदी की. पर यही आलू वाली तर्री, रोज."

मॅनेजर गेला. जागा मिळाली होती, नवस फळला होता. आणि प्रणालीचा संताप संताप होत होता. पाच महिने तिनं या माणसाला हरवायची स्वप्नं बघितली, अन् यानं तिला जिंकायची मजासुद्धा घेऊ दिली नाही!

देवदत्त गाडीचं झाकण पाडत होता. "उद्यापासून तिलवाऱ्याला लावीन, पुलाजवळ. तिकडे अच्छी गर्दी असते."

समोरची जागा उद्या रिकामी दिसणार. सकाळी भांडायला कोण, चहाचं कोण विचारणार? या विचाराचाही तिला राग आला.

"तिलवाऱ्याला काहून जातोस रे?" ती ओरडलीच. 'अहो' कुठं गेलं, तिचं तिलाही कळलं नाही. "मॅनेजरला आलूची सवय लावून ठेवलीस, आता रोज ते उकडणार कोण? उद्या सहाला आलू घेऊन इथं ये. माझ्याच गाडीवर उभा राहा, जागा आहे!"

तो हसला. "चाय पिणार काय?"

"उपास आहे माझा," ती करवादली, आणि बाप्पाला आता काय तोंड दाखवायचं, या विचारानं तिचा चेहरा लालबुंद झाला.