वास घेतलेला हंडा

माझी शेवटची पोस्टिंग तेर. तिची ऑर्डर निघाली नव्हती. धाराशिवच्या एसटी स्टँडवरच्या बाकावरून इथल्याच दोघांनी मला उचललं, पिकअपच्या हौद्यात आडवं घातलं आणि आणलं. सुभेदार म्हणून निवृत्त होऊन मला तेव्हा चार वर्षं झाली होती. अठ्ठावीस वर्षांची नोकरी, त्यात दोनदा बर्फातली पोस्ट, आणि दारूपायी मुक्काम फलाटावर. घरच्यांनी दार लावून घेतलं होतं. त्यांच्या जागी मी असतो, तर कडीसुद्धा बदलली असती.

तेरच्या बाहेर कोंबड्यांची एक बंद पडलेली शेड आहे. तेच आमचं घर. खाटा बावीस. ज्यांना नशा सोडायची आहे आणि ज्यांच्या डोक्यावर छप्पर उरलेलं नाही, असे पुरुष इथं राहतात. घर चालवणारेही तेच. डॉक्टर आठवड्यातून एकदा येऊन तपासतात, बाकी एकमेकांकडे आम्हीच बघतो. मी शुद्धीवर आलो तेव्हा तिथला कारभार मला ढिला वाटला. दोन महिन्यांनी पाय थरथरायचे थांबले आणि मी शिस्त लावायला घेतली. ०५३० ला उठणं, ०६०० ला रोल कॉल, ०६३० ला झाडू. पहिला आठवडा मी रोज शिव्या खाल्ल्या. नंतर तेच लोक रोल कॉलला मला उशीर झाला की घड्याळ दाखवू लागले.

फौजेतली बडीची पद्धत मी जशीच्या तशी उचलली. नव्या माणसाला एक जुना माणूस जोडून द्यायचा. शंभर दिवस खाट शेजारी, ताट शेजारी. पुढं एका पठ्ठ्यानं खोबरेल तेलाच्या बाटलीतून देशी आत आणली. हा रोज किती टापटीप राहतो म्हणून आम्ही त्याचं आठवडाभर कौतुक करत होतो! त्यानंतर नियम झाला. शंभर दिवसांच्या आतल्या माणसाच्या हातात जे काही येईल, त्याचा वास आधी त्याच्या बडीनं घ्यायचा. शंका आली तर माझ्याकडे द्यायचं, मग मी घ्यायचा. रागवायचं कुणीच नाही. हे इतकं अंगवळणी पडतं की कपात चहा दिसत असला तरी नाक आधी पुढं जातं.

सिद्राम मुरुमचा. बाजारपेठेत त्यांचं किराणा दुकान, गावाबाहेर आठ एकर जमीन. थोरला भाऊ बसवराज दुकान बघायचा, धाकटा सिद्राम बारा वर्षं दारू बघायचा. शेवटची दोन वर्षं तो उमरगा, सोलापूर, धाराशिव अशा स्टँडांवर फिरत होता. त्याचा बडी बशीरभाई, तेरचा वेल्डर. तीन वर्षं कोरडा, थेंबही नाही. बशीरभाईला दोनच कामं मनापासून येतात, लोखंड जोडणं आणि जेवणं.

सिद्रामच्या अडुसष्टाव्या दिवशी बसवराजचा फोन आला. वेळ अमावस्येला शेतात घेऊन या, अव्वा मागंच लागली आहे, असं तो म्हणाला. आपल्या आईला ती माणसं अव्वा म्हणतात. पुढचं त्यानं मलाच ऐकवलं. एक दिवस बघीन. पटलं तर शंभर दिवसांनंतर घरी घेईन. नाही पटलं तर पुन्हा आमचं नाव काढायचं नाही. मी सिद्रामला सगळं जसंच्या तसं सांगितलं. तो रात्रभर जागा होता, असं बशीरभाईनं सकाळी रिपोर्ट दिला.

वेळ अमावस्या आमच्याकडचा मोठा सण. मार्गशीर्षाच्या अमावस्येला गावंच्या गावं रिकामी होऊन शेतात जातात. कडब्याची कोप उभारतात, तिच्यात पाच दगडांचे पांडव मांडून पुजतात. भाज्या नि शेंगा एकत्र शिजवलेली भज्जी, बाजरीचे उंडे, खीर आणि आंबील. ज्वारीचं पीठ ताकात आंबवून केलेली ही आंबील चांगली मुरली, की दोन पेल्यांत माणूस झाडाखाली घोरायला लागतो. म्हणून मी निघतानाच ऑर्डर दिली, आंबील प्यायची नाही. सिद्राम म्हणाला, "व्हय साहेब." बशीरभाईनं भज्जीबद्दल काही ऑर्डर आहे का, ते विचारून घेतलं.

०६०० ला पिकअप निघाली, ०८३५ ला मुरुम ओलांडून शेताच्या बांधावर पोचलो. ज्वारी कमरेच्या वर गेली होती. चिंचेला झोका बांधलेला, पोरंटोरं ओरडत होती, चुलीचा धूर वर चढत होता. वर्दी द्यावी म्हणून मी तेरला फोन लावला. ड्युटीवर शंकर होता, चार वर्षं सिग्नलमध्ये असल्यासारखा बोलतो. "एकोणीस हजर. भज्जी चुलीवर. आंबिलीच्या जागी ताक. नाराजी आहे पण कंट्रोलमध्ये. ओव्हर," असं म्हणून त्यानं फोन ठेवला.

बसवराज पुढं आला. उंच माणूस, कपाळावर विभूतीचे पट्टे. मला नमस्कार केला, बशीरभाईला केला, भावाकडे नुसतं बघितलं. अव्वा मात्र बैलगाडीजवळून लगबगीनं आली. सिद्रामच्या गालावर तिनं दोन्ही हात ठेवले आणि "बा मगा, बा," म्हणजे ये लेकरा, ये, एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. तेवढ्यात तिला कामाची आठवण झाली. गाडीतून तिनं आंबिलीचा हंडा काढला, तोंडाला पांढरं फडकं बांधलेला, आणि सिद्रामच्या हातात दिला. कोपीत पांडवांपुढं नेऊन ठेव, म्हणाली. बारा वर्षांत त्या घरातलं काही तिनं त्याच्या हातात दिलं नसेल.

सिद्राम दोन पावलं चालला. बशीरभाई शेजारीच होता. त्यानं काहीही विचार न करता हंड्यावरचं फडकं सोडलं, नाक आत घातलं आणि लांब श्वास घेतला. त्याला वास आंबूस लागला, म्हणून नियमाप्रमाणे त्यानं सिद्रामला हंडा माझ्यापुढं धरायला लावला. आणि मी, अठ्ठावीस वर्षं नोकरी केलेला माणूस, मीही वाकून वास घेतला.

मान वर केली तेव्हा चुलीपाशी सगळ्यांचे हात थांबले होते. झोकासुद्धा कुणीतरी धरून ठेवला होता.

देवाला दाखवायच्या आधी नैवेद्याचा वास घ्यायचा नसतो, हे आमच्याकडे तीन वर्षांच्या पोराला कळतं. मला कळत नव्हतं असं नाही. पण त्या क्षणी माझ्यापुढं नैवेद्य नव्हता, एकाहत्तर दिवसांच्या माणसाच्या हातातलं भांडं होतं. आयुष्यात मी बऱ्याच चुका केल्या, पण शुद्धीत असताना केलेली ही सगळ्यांत मोठी.

बसवराजचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं वाटलं असतं. "सुभेदारसाहेब," तो म्हणाला, "आमच्या अव्वाच्या हातचं हुंगून बघता व्हय? देवाच्या आधी? ह्याला घ्या अन् निघा."

मी माफी मागितली. चूक माझी, सिद्रामची नाही, असं स्पष्ट सांगितलं. बशीरभाई फडकं पुन्हा बांधायला लागला. मला वाटलं, संपलं. दोन वर्षांनी उघडलेलं दार मी नाकानं बंद केलं.

सिद्रामनं हंडा खाली ठेवला नाही. छातीशी धरून तो भावाला म्हणाला, "अण्णा, ह्येंचा दोष न्हाय. तिथं माझ्या हातातल्या समद्याचा वास घेत्यात. म्याच सांगितलंय, एक बी दिस सोडू नका. माझा मला भरवसा न्हाय अजून."

बसवराज काही बोलणार होता. पण अव्वा मध्ये आली. तिनं लेकाच्या हातातल्या हंड्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"धा वर्सं मी ह्येच्या तोंडाचा वास घेतला," ती म्हणाली. "रोज. दार उघडलं की आधी वास. कुणी नव्हतं संगट. आज दुसऱ्या कुणी घेतला, तर माझं काय बिघडलं?"

तिनं पदर नाकाला लावला आणि गाडीत आंबिलीचा दुसरा हंडा आहे, नैवेद्य त्यातला दाखवा, असं बसवराजला सांगून टाकलं. वास घेतलेला हंडा शेतात शिंपडायला. जमीन नाक मुरडत नाही, असंही वर म्हणाली. बसवराजनं हंड्याकडे आणि बशीरभाईच्या नाकाकडे बघितलं. मग हसला. आधी थोडा, मग चांगला पोट धरून हसला, आणि त्याच्यामागं सगळं शेत हसलं. झोका सुटला. बशीरभाईचा जीव भांड्यात पडला आणि त्यानं लगेच भज्जीची चौकशी केली.

पूजा १०३० ला झाली. जेवण ११०० ला सुरू झालं, ते कधी संपलं याची नोंद माझ्याकडे नाही. आम्हा तिघांना अव्वानं त्याच सकाळी घुसळलेलं ताक दिलं. ते वाढताना तिनं प्रत्येक पेला आधी बशीरभाईच्या नाकापुढं धरला आणि लाजून तो लालेलाल झाला. त्यानं उंडे किती खाल्ले ते मी मोजले नाहीत, पण अव्वा मोजत होती आणि खूश होत होती. इतका मोकळा आनंद मला निवृत्तीच्या दिवशीही झाला नव्हता.

दुपारी आंबील शिंपडायची वेळ आली. घरातला कर्ता पुरुष अंगावर घोंगडी घेतो, हंडा घेऊन शेताभोवती फिरतो आणि पिकावर आंबील शिंपडतो. मागून सगळे ओलगे ओलगे असा गजर करत जातात. वडील गेल्यापासून तो मान बसवराजचा होता. त्यानं घोंगडी झटकली, स्वतःच्या खांद्यावर घेतली, पुन्हा काढली आणि सिद्रामच्या अंगावर टाकली. "शंभर झाले की मी न्यायला येतो," एवढंच म्हणाला. सिद्रामनं त्याचे पाय धरले.

मग आम्ही निघालो. पुढं सिद्राम, मागं बसवराज, पोरं, बायका, आणि सगळ्यांत मोठा आवाज बशीरभाईचा. ओलगे म्हणजे काय ते त्याला माहीत नव्हतं आणि त्यानं विचारलंही नाही. तीन बाजू झाल्या. चौथ्या कोपऱ्यात लिंबाखाली त्यांच्या वडिलांची समाधी होती. लिंगायत रीतीनं वडिलांना पुरलं तेव्हा सिद्राम सोलापूरच्या स्टँडवर पडून होता. तो थांबला तसे सगळे थांबले. ओंजळभर आंबील त्यानं समाधीच्या कडेला ओतली आणि वाकून समाधीवर डोकं टेकवलं. मग तो माझ्याकडे वळला.

"साहेब, तुमचं कोण गेलंय? नावं सांगा. माझ्या हातानं देतो."

मी सावधानमध्ये उभा राहिलो. मला तसंच बोलता येतं.

"लान्स नायक उत्तम. बर्फाखाली गेला. माझ्या पुढं दहा पावलं होता."

त्यानं एक ओंजळ ज्वारीवर सोडली.

"नायक अर्जुन. त्याच दिवशी. उत्तमला काढायला गेला होता."

दुसरी ओंजळ.

"किसन मास्तर. आपल्या घरातले. तुझ्या खाटेवर झोपायचे. पाण्याचा घोटही उतरत नव्हता, तरी शेवटच्या दिवशी रोल कॉलला बसून हजर म्हणाले."

तिसरी.

"रफिक ड्रायव्हर. चाळिसावा दिवस होता. बहिणीकडे जातो म्हणाला. बडीशिवाय पास मी दिला."

ही ओंजळ त्यानं हळू सोडली. बशीरभाईनं डोक्यावर रुमाल घेतला होता. हंड्यात अजून तळाला थोडी आंबील होती.

"अजून?" सिद्रामनं विचारलं.

"बस. एवढेच."

"एवढेच?"

"एवढेच राहू दे, सिद्राम. यात आता भर नको."

"व्हय साहेब," तो म्हणाला आणि उरलेली आंबील त्यानं उभ्या पिकावर लांबवर भिरकावली.